एक तारा, तोही पाण्याच्या रंगाला

परबकाका, तुम्ही मला नापास केलंत तिथून आपली ओळख सुरू झाली.

अंधेरीच्या आमच्या ऑफिसात दर सोमवारी सकाळी आठवडाभराची मतं वाचायची पद्धत आहे. आम्ही फोनवरचे गेम बनवतो, आणि ते खेळून लोक खाली जे लिहितात ती मतं. बहुतेक जण ‘नाइस गेम’, ‘टाइमपास’, ‘जाहिराती फार’ एवढंच लिहितात. भारतीय भाषांमधली मतं मशीन इंग्रजीत करून देतं. त्या सोमवारी मशीनने एका मताचं जे काही केलं होतं ते कुणाला कळेना. साहेब म्हणाले, "मानसी, मराठी आहे ना हे? बघ जरा काय म्हणतोय."

मी मूळ मजकूर उघडला. तो मला आजही पाठ आहे. ‘हा खेळ ज्याने बनवला त्याने आयुष्यात जिवंत मासा हातात धरलेला नसावा. गळ टाकल्याबरोबर मासा लागतो. असा मासा फक्त बाजारात लागतो. एक तारा देत आहे, तोही पाण्याचा रंग बरा साधला आहे म्हणून. द. परब, भांडुप.’

तो मासेमारीचा गेम मी बनवला होता. साताऱ्यात वाढलेली मुलगी मी. मासा आमच्या घरी वर्षातून दोनदा यायचा, तोही कापून, पिशवीतून.

"काय म्हणतोय?" साहेबांनी विचारलं.

"पाण्याचा रंग आवडला म्हणतोय," मी म्हटलं.

तुम्हाला आमचं ठरलेलं उत्तर गेलं. ‘आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद. आम्ही सुधारणेसाठी सदैव प्रयत्नशील आहोत.’ दोन दिवसांनी तुम्ही तुमच्या मताखाली आणखी एक ओळ वाढवलीत. ‘धन्यवाद नको. गळ सुधारा.’ तेव्हा मात्र मी स्वतः लिहिलं, की मासा कसा लागतो ते सांगाल का, आणि ऑफिसचा मेल पत्ता दिला. तुमच्या सुनेच्या मेलवरून उत्तर आलं. ‘लिहून कळायचे नाही, हातात कळते. भांडुप पश्चिमेला राहतो. दुपारी केव्हाही.’ खाली फोन नंबर. मी मुलुंडला एकटी राहते, तुमच्यापासून दहा-पंधरा मिनिटांवर, हे तुम्हाला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं.

शनिवारी दुपारी मी टेकडीवरची तुमची खोली शोधत आले, तर तुम्ही दारातच.

"तूच ती? माका वाटला कोणतरी मिशीवालो बाबा येतलो."

मग काकींच्या शिवणाच्या डब्यातला दोरा काढलात. काकी जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती, पण डबा जागेवर होता. दोऱ्याचं एक टोक माझ्या बोटाला बांधलंत आणि दुसरं टोक घेऊन दाराआड गेलात. "डोळे मीट." मी मिटले. बराच वेळ काहीच नाही.

"काका, झालं का?"

"गप. मासो विचार करता हा."

मग बोटाला काहीतरी लागलं, इतकं हलकं की भास वाटावा. पुन्हा एकदा. पुन्हा शांत. मी दोरा ओढणार एवढ्यात बोट असं खेचलं गेलं की मी ओरडलेच. तुम्ही दाराआडून लहान मुलासारखे हसत बाहेर आलात. "आधी चाखता, मगे ओढून व्हरता. काळुंदर असो चाखून चाखून बघता. शेंगटी अधाशी, ती सरळ गिळता. तुझ्या खेळात सगळी शेंगटीच आसत."

मी ऑफिसात जाऊन सांगितलं की मासा लागायला वेळ लागला पाहिजे. साहेब म्हणाले, वाट बघायला लावली तर माणूस दुसरा गेम उघडेल. भांडून भांडून एका माशापुरती परवानगी मिळाली. फोन आधी दोनदा अगदी बारीक थरथरायचा, मग थांबायचा, मग जोरात. अपडेट आल्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही दोन तारे केलेत. ‘एक मासा सुधारला आहे. बाकीचे अजून आळशी.’ मला ऑफिसात आजवर मिळालेल्या कुठल्याच शाबासकीचा त्याएवढा आनंद झालेला नाही. हे मी तुम्हाला कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तुम्ही तिसरा तारा कधीच दिला नसता.

तसाही तो तुम्ही दिला नाहीतच.

त्यानंतर बहुतेक शनिवारी मी यायचे. तुमचा संदेश आणि सूनबाई स्नेहल, दोघंही शनिवारी कामावर. तुम्ही गिरणीत फोल्डिंग खात्यात होतात, कापड उजेडावर धरून दोष शोधायचं काम. गिरणी गेल्यावर कांजूरमार्गच्या औषधांच्या कारखान्यात, पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्यांतून वाकड्या बुचाची बाटली उचलायची. निवृत्त झालात, हातात संदेशचा जुना फोन आला, काकी गेल्या, आणि तुम्ही त्यातले खेळ उजेडावर धरायला लागलात. संदेश वैतागायचा. "बाबांना मोबाईलचं वेड लागलंय, ताई. ह्या वयात पोरांचे गेम." तुम्ही त्याला काही बोलायचा नाहीत. मला म्हणायचात, "चाळीस वर्षां मी लोकांचो माल तपासलंय, तेव्हा कोण हसाक नाय."

काय काय तपासलंत तुम्ही! लुडोला एक तारा: ‘फासा आधी बघतो कोण हरतो आहे, मग पडतो.’ कॅरमला दोन: ‘सोंगटी बरी जाते, पण बोटाला लागत नाही, त्यामुळे चूक माझी की फोनची हे कळत नाही. ज्या खेळात आपली चूक आपल्याला कळत नाही, त्यात हात सुधारणार कसा?’ हे वाक्य मी माझ्या टेबलासमोर चिकटवून ठेवलंय. शेतीच्या त्या गेमवर तर तुम्ही चिडलाच होतात. दोन तास फोन उघडला नाही की त्यातली वांगी सुकायची आणि तसा निरोप यायचा. ‘शेत माणसाला बोलावते, दम देत नाही.’ आणि ज्यात एक पोरगी नुसती धावत सुटते, संपतच नाही, त्या गेमवर एकच ओळ: ‘हिला कोणी घरी सोडा.’

मी वाद घालायचे. म्हणायचे, काका, हे छोटे गेम आहेत, लोक रिक्षाची वाट बघताना खेळतात, त्यांना एवढं काय तोलायचं? तुम्ही म्हणायचात, लहान म्हणून वाकडं बूच चालतं काय? मी म्हणायचे, औषधाने माणूस मरतो, खेळाने नाही. त्यावर तुम्ही म्हणायचात, "वेळ मरता मां."

पण ह्या खेळांना कुणी हलकं म्हटलेलंही तुम्हाला खपायचं नाही. रंगीत गोळ्या जुळवायच्या त्या गेमची मी एकदा टर उडवली, तेव्हा तुम्ही मला काकी हॉस्पिटलात होत्या त्या तीन महिन्यांबद्दल सांगितलंत. काकी आत, तुम्ही वॉर्डाबाहेर बाकड्यावर. "तेव्हा माका काय शिकूचा नव्हता, काय जिंकूचा नव्हता. हातांक काम होया होता. त्या गोळ्यांनी माका उभो ठेवलो." म्हणून त्या गेमला तीन तारे, तुमच्याकडचा सगळ्यात मोठा मान. दोन का कापलेत ते सांगता सांगता मात्र तुम्ही मालवणी सोडलीत. एका दुपारी डॉक्टरांनी आत बोलावलं तेव्हा स्क्रीनवर जाहिरात चालू होती. ती बंद करायची फुली सापडेना, आवाज बंद होईना. त्या गोंगाटात नाव दोनदा पुकारलं गेलं आणि तुम्हाला ऐकूच आलं नाही. "उठणाऱ्याला उठू द्यायला पाहिजे," तुम्ही म्हणालात. "बसवायला काय, कोणीही बसवतो. चांगला खेळ माणसाला उठू देतो."

मी हे कॉलेजात शिकले नव्हते, काका. माझ्या धंद्यातलं एवढं एक वाक्य मला कुणी शिकवलं नव्हतं. आणि ते शिकवणाऱ्या माणसाशी मी जे केलं ते आता लिहायचं आहे.

त्या दुपारी आपण कडवे वाल सोलत बसलो होतो. वाल सोलताना माणूस बोलतो. तुम्ही सहज म्हणालात की सकाळ कशीतरी निघून जाते, संध्याकाळी ही दोघं येतात, पण दोन ते चार घर फार शांत होतं. "इतक्या शांत, की घर ऐकाक येता." आणि त्या वेळात फोन टिंग वाजला, तर तो बिलाचा मेसेज असला तरी क्षणभर वाटतं की कोणीतरी हाक मारली. मी मान हलवली. माझ्या मुलुंडच्या घरातही रविवारी असंच होतं, हे मी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. वाल सोलत राहिले.

सहा महिन्यांनी आमचा नवा गेम निघाला. एक बाग, चित्रांच्या जोड्या लावायच्या, आणि सोबतीला मिठू नावाचा पोपट. साहेबांना तो वयस्कर लोकांसाठी हवा होता. लोक एकदा खेळतात आणि विसरतात, त्यांना परत कसं आणायचं, यावर सगळे डोकं खाजवत होते. मी म्हटलं, मिठूने दुपारी दोनला निरोप पाठवावा. सगळ्यांनी विचारलं, दोनलाच का? मी म्हटलं, त्या वेळी घर शांत असतं. निरोपही मीच लिहिला. ‘आज घर किती शांत आहे ना? या, मी वाट बघतोय.’

साहेबांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. लोक खरंच परत येत होते, रोज, दोन वाजता. मी स्वतःची समजूत घातली की एकट्या माणसांना सोबत देतेय. तुम्हाला त्यातलं काही सांगितलं नाही, आणि सांगावंसं वाटलं नाही यातच सगळं आलं.

आमचा प्रत्येक गेम तुम्ही उतरवून घ्यायचात. दोन शनिवार तुम्ही काही बोलला नाहीत. तिसऱ्या शनिवारी चहा पुढ्यात ठेवलात आणि शुद्ध मराठीत सुरुवात केलीत. रागावलात की तुम्ही असंच बोलायचात, साहेबाशी बोलावं तसं.

"तो पोपट दुपारी दोनलाच का बोलतो?"

"लोकांना त्या वेळी वेळ असतो, काका."

"कुठल्या लोकांना?"

मी चहाचा कप उचलला.

"घर किती शांत आहे ना, हे वाक्य कोणाचं?"

"काका, लोकांना आवडतंय ते. एका आजींनी लिहिलंय, मिठूमुळे एकटं वाटत नाही म्हणून."

"नाही वाटणार. पाणी प्यायलं की भूकही मरते थोडा वेळ." तुम्ही चष्मा काढलात. "माझी दुपार विकलीस तू."

"गेम आहे हो तो! नुसता गेम!"

"खेळ खोटाच असतो, ते मला कळतं. मासा खोटा, पाणी खोटं, चालतं मला. हाक खोटी नसावी. त्या पोपटाला आठवण येते माझी? त्याला माहीत आहे मी कोण?"

मला लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मी धारदार होते. मी म्हटलं, "निदान मिठू हाक मारतो तरी. ह्या घरात दुसरं कोण मारतं तुम्हाला?"

तुम्ही उठलात. स्वतःचा कप मोरीत नेलात आणि माझ्याकडे पाठ करून धुवायला लागलात. एक कप धुवायला इतका वेळ लागत नाही. शेवटी पाठमोरेच म्हणालात, "निघ आता. उशीर होईल." चार वाजले होते.

त्या आठवड्यात मिठूच्या गेमखाली तुमचं मत आलं. तुम्ही लिहिलेल्यांतलं सगळ्यात मोठं. बागेची स्तुती होती, चित्रांची स्तुती होती, अक्षरं मोठी ठेवल्याबद्दल आभार होते. शेवटी: ‘दोष कापडात नाही, दानतीत आहे. नापास.’ माझं नाव कुठेही नव्हतं. मशीनने ‘दानत’चं दातांशी काहीतरी जुळवलं. सोमवारी साहेबांनी विचारलं, काय म्हणतोय? मी म्हटलं, चित्रं आवडली म्हणतोय.

चार महिने मी आले नाही. शनिवारी कपडे धुवायचे, फरशी पुसायचे, आईला फोन करायचे, आणि तरी दुपार उरायची. तुमच्यासाठी मेसेज लिहायचे आणि पुसून टाकायचे. भांडुपवरून बस जायची तेव्हा दुसऱ्या बाजूच्या खिडकीकडे तोंड करायचे. माझ्या चुका दाखवणारं माणूस मी स्वतःच घालवून बसले होते आणि ऑफिसात माझं सगळं छान चाललं होतं.

मग एका रविवारी तुमचाच फोन आला, जणू कालच बोललो होतो. "गो बाय, माझो फोन अडकलो. जागा नाय म्हणता. कधी येतंस?"

मी तासाभरात आले. घरी सगळेच होते. संदेश पेपर वाचत होता, स्नेहल कपडे वाळत घालत होती. तुमचा फोन शुभ सकाळच्या फुलांनी गच्च भरला होता. मी फुलं पुसत गेले आणि पुसता पुसता मिठू दिसला. तुम्ही त्याला काढलं नव्हतंत. खूप पुढपर्यंत खेळला होतात. निरोपही चालू होते.

मी वर बघितलं. तुम्ही माझ्याकडेच बघत होतात. तेव्हाच विचारायचं होतं, काका. तुम्ही गावाहून आलेलं खाजं पुढे केलंत. "खा. बारीक झालंस." मी खाल्लं. "आई बरी हा?" बरी आहे म्हटलं. फोन परत दिला. माफीचं वाक्य तोंडात तयार होतं, पण समोर संदेश होता, आणि मला वाटलं, शनिवारी येऊ, दोघंच असू, तेव्हा नीट बोलू.

त्या शनिवारी ऑफिसात काम निघालं. पुढच्या शनिवारी मी साताऱ्याला होते. त्यानंतरच्या बुधवारी संध्याकाळी स्नेहलचा फोन आला. तुम्ही दुपारी जेवून आडवे झालात ते उठला नाहीत. ती सहाला घरी आली तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन तास झाले असावेत. मी वेळ मोजली, आणि मग न मोजल्यासारखं केलं.

चौथ्या दिवशी मी भेटायला आले. संदेश भिंतीला टेकून बसला होता, तुमचा फोन त्याच्या हातात होता, गावच्या लोकांना कळवत होता. दोन वाजता फोन टिंग वाजला. त्याने कुणाचं तरी सांत्वन असेल म्हणून मोठ्याने वाचायला घेतलं.

"आज घर किती शांत आहे ना? या, मी..." तो थांबला. "हे कोण?"

स्नेहलने पदर तोंडाला लावला.

"मी," मी म्हटलं. "ते मी लिहिलंय."

त्याला कळेना. मग मी सगळं सांगितलं. वाल, दोन ते चार, मिठू, आपलं भांडण, मी तुम्हाला जे बोलले तेसुद्धा, त्याच्याच घरात बसून त्याच्याविषयी. वाटलं तो मला हाकलून देईल. तो फोनकडे बघत एवढंच म्हणाला, "बंद कसं करायचं हे?"

मी फोन घेतला. ती सोय आत, आणखी आत, अगदी तळाशी होती. मला शोधावी लागली नाही. ती तिथे मीच लपवली होती.

निघताना स्नेहल स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "ताई, माझी सुट्टी असायची तेव्हा मी बघायचे ना. दोनला तो पोपट वाजला की बाबा म्हणायचे, ‘गप रे मेल्या.’ आणि फोन पालथा ठेवायचे. पण काढून टाका म्हटलं तर नको म्हणायचे." मला हसू आलं आणि त्या हसण्याचं पुढे भलतंच झालं. स्नेहलने माझ्या पाठीवर हात ठेवला. ज्यांच्या घरचं माणूस गेलं त्यांनीच माझी समजूत काढली.

का ठेवलात तुम्ही मिठूला? मी दोष दुरुस्त करते का, हे बघत होतात? की शिव्या घालायला तरी दुपारी कोणी असावं म्हणून? पहिलं खरं असेल तर तुम्ही शेवटपर्यंत माझी वाट बघितलीत. दुसरं खरं असेल तर तुमचा मुद्दा आणि माझा मुद्दा, दोन्ही खरे ठरतात. त्यात आपण दोघंही हरतो. मी दोन्ही उत्तरं आलटूनपालटून धरते. कुठलंच हाताला नीट लागत नाही.

पुढच्या सोमवारी मतं वाचायच्या वेळी मी उभी राहिले. तुमचं मत मी स्वतः इंग्रजीत करून नेलं होतं, पहिल्या ओळीपासून ‘नापास’पर्यंत. ‘दानत’ला इंग्रजीत नीट शब्द सापडला नाही, तो मी समजावून सांगितला. साहेब म्हणाले, "मानसी, एका युजरच्या तक्रारीवरून आपण चालणारी गोष्ट बदलायची?" मी म्हटलं, "तो युजर वारला आहे, आणि चौथ्या दिवशी आपण त्याच्या घरी हाक मारली. त्याच्या मुलाने ती मोठ्याने वाचली." आमच्यातली एक मुलगी, जिची आई नागपूरला एकटी असते, खाली बघत होती.

सगळं मिळालं नाही, काका. ‘घर शांत’ आणि ‘वाट बघतोय’ गेलं. आता मिठू फक्त सांगतो की नवं कोडं आलंय. तीन दिवस कुणी आलं नाही तर तो गप्प बसतो. बंद करायची खूण समोर आली, ठळक. दोनची वेळ मात्र राहिली, ती सोडायला साहेब तयार झाले नाहीत. मला त्या गेमवरून काढून दुसऱ्या कामावर टाकलंय. साहेब हल्ली माझं नाव घेत नाहीत. तुम्ही असतात तर दुरुस्तीबद्दल अर्धा शब्द चांगला लिहिला असतात आणि दोनच्या वेळेवर चार ओळी खरडल्या असतात. मला त्या चार ओळी हव्या होत्या. लोक अजूनही लिहितात, नाइस गेम, पाच तारे, टाइमपास. मी सोमवारी सगळी मतं चाळते. आपलं काम कुणी उजेडावर धरलेलं नाही, हे शेवटच्या मतापर्यंत गेल्यावर कळतं.

मी चुकले, काका. मी तुमची एक गोष्ट घेतली जी फक्त मला सांगितली होती, आणि तुम्ही बोललात तेव्हा तुम्हाला जिथे लागेल तिथेच मारलं. हे मला तुमच्यासमोर म्हणायचं होतं, तुम्ही मालवणीत काहीतरी खेकसाल अशा अंतरावर बसून. कागदाला काय, तो ऐकून घेतो.

परवाच्या रविवारी संदेशने बोलावलं होतं. म्हणाला, बाबांनी जे जे लिहिलंय ते सगळं दाखव. मी एकेक गेम उघडून देत होते, तो वाचत होता. धावणाऱ्या पोरीपाशी तो मोठ्याने हसला. रंगीत गोळ्यांपाशी आला, तिथे तुम्ही फक्त एवढंच लिहिलं होतंत: ‘कठीण दिवसांत उपयोगी पडला. जाहिरातीमुळे एकदा नाव ऐकू आले नाही.’ त्याने विचारलं, कुठलं नाव? मी सांगितलं. तो आईच्या त्या दिवसांत पुण्याला कामावर होता. त्याने फोन मांडीवर ठेवला. मग म्हणाला, "हे मला का नाही सांगितलं त्यांनी?"

मला उत्तर ठाऊक होतं. ह्यावेळी मी ते बोलले नाही. म्हटलं, "मला पण पूर्ण नव्हतं सांगितलं, संदेश. वाल सोलता सोलता जेवढं निघालं तेवढंच." तो म्हणाला, "पुढच्या रविवारी परत येशील? अजून बरंच आहे ना वाचायचं?" मी हो म्हटलं.

मग मी निघाले. तुमच्या दारापासून खाली रस्त्यापर्यंतच्या पायऱ्या उंच आहेत, आणि मधल्या तीन तुटक्या. दर शनिवारी तुम्ही दारात उभे राहून वरून ओरडायचात, "सांबाळून उतर गो बाय!" मी खाली पोचेपर्यंत आत जायचा नाहीत. अख्ख्या चाळीला ऐकू जायचं, आणि मला शरम वाटायची. पस्तिशीची बाई मी. रविवारी मी पहिल्या पायरीवर उगाच थोडी थांबले. खाली कुणाचा तरी टीव्ही चालू होता, कुकरची शिट्टी झाली. मग भिंतीला हात धरून, एकेक पायरी बघत, सांभाळून उतरले.